स्फटिकांची सोयरीक

दिवाळीच्या नैवेद्यातला खडीसाखरेचा एक खडा उजेडात धरून पाहा. त्याचे सपाट पैलू कुणी कापलेले नाहीत. साखरेचे असंख्य रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ओळीने बसले, म्हणून ते पैलू आपोआप पडले. एकेक बंध नाजूक, पण सगळे मिळून खडा इतका कडक!

मग दोन निरनिराळ्या पदार्थांचे रेणू एकाच स्फटिकात नांदतील का? 1844 मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिवळे क्विनोन आणि रंगहीन हायड्रोक्विनोन एकत्र आणले, तेव्हा गडद हिरवे स्फटिक तयार झाले. अशा जोडीला आज सहस्फटिक म्हणतात. आत रेणू कसे बसले आहेत, हे मात्र क्ष-किरणांचे तंत्र आल्यावरच कळू लागले.

आता आपल्या ओळखीच्या रस्त्यावर या. डब्लिनहून एम 7 ने लिमरिकला निघालात की आधी न्यूब्रिज लागते. कॅथलीन लॉन्सडेल यांचा जन्म इथला, 1903 चा. बेंझिनचे वलय सपाट असते, हे त्यांनी 1929 मध्ये क्ष-किरणांनी दाखवून दिले. 1945 मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून निवडले. त्या दोघींपैकी एक लॉन्सडेल. पुढे नीना गाव लागते. तिथे 1901 मध्ये जॉन डेस्मंड बर्नाल जन्मले. 1934 मध्ये त्यांनी डोरोथी क्रोफूट यांच्यासह पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाचे क्ष-किरण चित्र मिळवले. दोघांचीही कर्मभूमी इंग्लंड. घर सोडून जाणे म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला वेगळे सांगायला नको.

रचना दिसू लागली, तसा ती आधी ठरवून घडवण्याचा विचार पुढे आला. त्याला भक्कम पाया देणाऱ्यांत गौतम देसिराजू आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्सचे हे विद्यार्थी. हैदराबाद विद्यापीठात असताना, 1989 मध्ये, त्यांनी ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ हा ग्रंथ लिहिला. कोणता रेणू कोणाचा हात धरेल, याचे ठरावीक नमुने असतात. ते ओळखा आणि त्यांवरून स्फटिक आखा, ही त्यांची शिकवण. थोडक्यात, पत्रिका जुळवून सोयरीक!

याचा उपयोग काय? कितीतरी औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे पोटात जाऊनही पुरेशी लागू पडत नाहीत. योग्य जोडीदार मिळाला, तर औषधाचा रेणू न बदलता हा गुण सुधारता येतो. अपस्मारावरच्या कार्बामाझेपिनची सॅकरिनशी अशी जोडी जमवणाऱ्यांत मायकेल झावोरोत्को होते. 2013 पासून ते लिमरिक विद्यापीठात आहेत, आणि तिथल्या संशोधन संस्थेचे नावही बर्नाल इन्स्टिट्यूट.

पुढच्या वेळी एम 7 वर मुलांनी ‘अजून किती लांब?’ विचारले, की न्यूब्रिज आणि नीनाच्या पाट्या दाखवा. आणि मुंबईचेही नाव घ्यायला विसरू नका.