वायुवितरण आणि माहिती-विश्लेषण

नैसर्गिक वायूचा पुरवठा करणाऱ्या संस्थेची मालमत्ता बहुतांशी जमिनीखाली असते. ती प्रत्यक्ष पाहता येत नसल्याने दाब, प्रवाह, तापमान, गळती आणि नळांचा इतिहास यांच्या नोंदींवरून तिची स्थिती ताडावी लागते. अशा नोंदींचे संकलन करून त्यांवरून मागणीचा अंदाज, नळमार्गाची सुरक्षितता व दुरुस्तीचा क्रम ठरविण्याच्या पद्धतीस माहिती-विश्लेषण म्हणतात.

या पद्धतीचा उगम संगणकापूर्वीचा आहे. थंड प्रदेशात वायूचा खप मुख्यतः घरे उबदार ठेवण्यासाठी होतो. त्यामुळे अमेरिकेतील संस्थांनी खपाची सांगड तापमानाशी घातली. दिवसाचे सरासरी तापमान ६५° फॅ. (सु. १८° से.) पेक्षा जितके अंश कमी, तितके त्या दिवसाचे ‘अंशदिन’ मोजतात. अंशदिन आणि पूर्वीचा खप यांच्या तुलनेवरून पुढील मागणी काढता येते. पुढे दूरमापन व संगणक यांच्या जोडीने दूरनियंत्रण यंत्रणा (‘स्काडा’) उभी राहिली आणि शेकडो किमी. लांबीच्या नळमार्गावरील दाब व झडपांची स्थिती एका कक्षात बसून पाहता येऊ लागली.

सुरक्षिततेसाठी विश्लेषण करणे मात्र कायद्याने बंधनकारक झाले, ते अपघातांमुळे. १९ ऑगस्ट २००० रोजी न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबॅडजवळ आतून गंजलेला नळमार्ग फुटून जवळ मुक्कामास असलेल्या १२ व्यक्ती मृत्यू पावल्या. २००२ च्या अमेरिकी कायद्याने दाट वस्तीतील वायुवाहक नळमार्गांचे धोक्यांनुसार मूल्यमापन करणे, त्यांची पहिली तपासणी दहा वर्षांत पुरी करणे व पुढे दर सात वर्षांनी ती पुन्हा करणे आवश्यक ठरविले. त्यानुसार संस्था प्रत्येक नळखंडाचे वय, पोलाद, जोड, गंज, जमिनीची हालचाल व परक्या खोदकामाचा संभव यांना गुण देऊन धोक्याची प्रतवारी करू लागल्या.

या पद्धतीतील मर्मस्थान कॅलिफोर्नियात उघड झाले. ९ सप्टेंबर २०१० रोजी सायंकाळी सॅन ब्रूनो शहरात ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ या कंपनीचा १३२ क्रमांकाचा नळमार्ग फुटला. सु. ८·५ मी. लांबीचा नळाचा तुकडा सु. ३० मी. दूर फेकला गेला, ८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व ३८ घरे नष्ट झाली. वायूचा प्रवाह थांबविण्यास ९५ मिनिटे लागली. मिलपीटस येथील केंद्रात विद्युत् यंत्रणेचे काम चालू असताना दाब वाढला होता. तथापि फुटण्याच्या वेळचा दाब दर चौ. इंचास ३८६ पौंड, म्हणजे ४०० पौंडांच्या अनुज्ञेय मर्यादेच्या आतच होता.

मर्यादा ओलांडली गेली नव्हती, तरी नळ फुटला. याचे कारण राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या २०११ च्या अहवालात आढळते. कंपनीच्या भौगोलिक माहिती प्रणालीत हा ३० इंच (सु. ७६ सेंमी.) व्यासाचा नळ ‘बिनजोड’ म्हणून नोंदलेला होता. ही नोंद १९५६ मधील बांधकामाच्या हिशेबी कागदांवरून आली होती. प्रत्यक्षात तो लांबीच्या दिशेने वितळजोड केलेला असून त्यातील काही आखूड तुकड्यांचे जोड आतील बाजूने पुरे झालेलेच नव्हते. एवढ्या व्यासाचे बिनजोड नळ त्या काळी अमेरिकेतील कोणताही प्रमाणित कारखाना बनवीत नव्हता. म्हणजे नोंदीतील चूक नोंदीवरूनच ओळखता आली असती. नळ बिनजोड मानल्यामुळे प्रतवारीत सदोष जोडाचा धोका धरला गेला नाही आणि तपासणीसाठी निवडलेली पद्धत बाहेरील गंज शोधण्याची होती. तीत जोडातील दोष दिसणे शक्य नव्हते. गणित नियमानुसार झाले होते. ज्या नळाचे गणित केले, तो नळ मात्र जमिनीत नव्हता.

अपघातानंतर मंडळाने मागोवा घेता येण्याजोग्या, पडताळता येण्याजोग्या व परिपूर्ण नोंदींचा आग्रह धरला. कंपनीने जुने कागद डेली सिटीतील काउ पॅलेस या विस्तीर्ण सभागृहात आणवून त्यांची छाननी केली. एप्रिल २०१५ मध्ये राज्याच्या लोकोपयोगी सेवा आयोगाने कंपनीस १·६ अब्ज डॉलरांचा दंड केला, तर २०१६ मध्ये संघीय न्यायालयातील ज्यूरीने तिला सहा आरोपांवर दोषी ठरविले. जुन्या नळमार्गांपैकी ज्यांच्या दाबमर्यादेस पुरेसा पुरावा नाही, त्यांची मर्यादा नव्याने सिद्ध करण्याचे बंधन २०१९ च्या संघीय नियमांनी घातले.

यानंतर साधने वेगाने सुधारली. नळातून फिरून भिंतीची जाडी मोजणारी ‘पिग’ ही उपकरणे अधिक सूक्ष्म झाली. मोटारीवर बसविलेले लेसर संवेदक हवेतील मिथेनाचा अत्यल्प अंश टिपतात व वाऱ्याच्या दिशेवरून गळतीचे स्थान सुचवितात. भारतातही पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१३ मध्ये शहरी वायुजालांच्या सुस्थितीच्या व्यवस्थापनाविषयी विनियम केले. मुंबईस वायू पुरविणारी महानगर गॅस (स्थापना १९९५) ही अशा शहरी वितरण संस्थांपैकी एक होय. कोणत्याही जालात संवेदकांची व संगणकांची क्षमता कितीही वाढली, तरी नळ पुरताना केलेली नोंद आणि उघडा पडलेला प्रत्येक नळ तिच्याशी ताडून पाहण्याची शिस्त यांवरच विश्लेषणाची विश्वसनीयता अवलंबून राहते.