गाठी मोजल्या, माणसे राहिली

अजिंठ्याचा डोंगर उत्तरेकडे उतरला की सोयगाव लागते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्याला लागून खानदेश, तिथे १९४७ पर्यंत इंग्रजांचा अंमल. राज्ये दोन, पण माती एकच काळी आणि पीक कापसाचे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडात ओल्डहॅम, रॉचडेलसारख्या गावांतल्या गिरण्या थांबू लागल्या. त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. त्या चार वर्षांत जळगावची पेठ भरभराटली. पुढे खानदेशात वाफेवर चालणारे जिन आले. सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या आणि रेल्वेने मुंबईला धाडायच्या.

या यंत्रांत कापूस घालणारे हात बहुतेक बायांचेच होते. मी कवितेचा माणूस. पण १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे आलेली खानदेशातल्या जिनांची हकिकत वाचली आणि शब्द सुचेनात. बाया पहाटे चार-पाचला येत, रात्री आठ-नऊला सुटत. मार्च-एप्रिलच्या घाईत तर त्याच बाया सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबत. हे सांगितले तेही कारखाना चालवणाऱ्यांनी. त्या बायांनी नव्हे.

मग कायदा नव्हता का? होता. इंग्लंडात कापडगिरणीतल्या बाईला दिवसाला दहाच तास काम, असा कायदा १८४७ मध्येच झाला होता. आपल्याकडचा १८८१ चा कायदा फक्त मुलांपुरता होता. शिवाय वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले. जिन म्हणजे हंगामाचा धंदा! १८९१ मध्ये बायांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पण हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडले.

निजामाच्या हद्दीत इंग्रजांचे हे कायदे लागूच नव्हते. तिथे औरंगाबादेत १८८९ मध्ये कापडगिरणी निघाली, १९०० मध्ये रेल्वे आली आणि पाठोपाठ जिन उभे राहिले. कामगारांचा आकडा गॅझेटियरमध्ये आला, नावे मात्र आली नाहीत.

तुमच्या घरातली आजी, नानी कधी जिनात जात होती का? एकदा विचारा. तिचे नाव, गाव आणि कुठला जिन, एवढे वहीत लिहून ठेवा. कमिशनने जे लिहिले नाही, ते निदान घरात तरी लिहिलेले असू द्या.