गजमुखी योगिनी

गजमुखी योगिनीची ही मूर्ती नर्मदाकाठच्या भेडाघाट येथील चौसष्ट योगिनी मंदिरात असून, हत्तीचे मुख पाहून तिला गणपतीचे स्त्रीरूप मानण्याची घाई वाचकाने करू नये, कारण तिच्या बैठकीवर ‘श्रीऐंगिनी’ असे स्वतंत्र नाव कोरलेले आहे. योगिनी म्हणजे तांत्रिक उपासनेतील शक्तिदेवतांचा समूह. तो बहुधा ६४ देवतांचा मानतात, तथापि कलचुरी राजवटीत, दहाव्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या आणि मधोमध मोकळे प्रांगण असलेल्या या वर्तुळाकार मंदिरात ८१ देवळ्या आहेत. काही योगिनींना पशूंची मुखे आहेत, इतरांची मुखे मानवी आहेत. स्त्रीदेहावर पशुमुख ही कल्पना प्राचीन इजिप्तच्या सिंहमुखी सेखमेतमध्येही दिसते, मात्र त्यावरून दोन्ही परंपरांचा संबंध जोडणे योग्य नव्हे. वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यातील सप्तमातृका, म्हणजे सात मातृदेवता, त्यांच्या वाहनांवरून ओळखता येतात. भेडाघाटच्या मात्र बहुतेक मूर्ती भग्न असल्याने तेथे बैठकीवरील अक्षरेच अधिक भरवशाची ठरतात, आणि म्हणून ती जपणे मूर्तींइतकेच अगत्याचे आहे.