प्लाझ्मा कर्तन यंत्रे, संख्यात्मक नियंत्रणाची

विद्युत् संवाहक धातूचा पत्रा अथवा जाड तक्ता सपाट मंचावर पसरून, त्यावरून दोन परस्परलंब दिशांना सरकणाऱ्या टॉर्चच्या साहाय्याने, अंकरूप सूचनांनुसार हव्या त्या आकारात कापणाऱ्या यंत्राला संख्यात्मक नियंत्रणाचे प्लाझ्मा कर्तन यंत्र म्हणतात. कारखान्यात ते ‘प्लाझ्मा टेबल’ या नावाने ओळखले जाते. धातू वितळविणारी उष्णता आणि टॉर्चला मार्ग दाखविणारी संख्या या दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाढलेल्या तंत्रविद्या या यंत्रात एकत्र आल्या आहेत. पहिलीचा उगम विमान कारखान्यातील हलक्या धातूंच्या वितळजोडकामात, तर दुसरीचा हेलिकॉप्टरच्या पात्याच्या गणितात आढळतो. त्यांना एकत्र आणण्याची भूमी जहाजबांधणीने तयार केली आणि वैयक्तिक संगणकामुळे हे यंत्र लहान कारखान्याच्या आवाक्यात आले. या वाटचालीत आखणी करणाऱ्या व टॉर्च धरणाऱ्या कारागिराच्या कौशल्याचे स्थानही बदलत गेले.

पूर्वेतिहास : विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाड पोलादी तक्ते कात्री, छिन्नी, करवत व छिद्रक यंत्र यांनीच कापावे लागत. आंरी ल शातल्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान ३,०००° से. पेक्षा अधिक असते, असे दाखविले. त्याच वर्षी कार्ल फोन लिंडे यांनी हवेच्या द्रवीकरणाची औद्योगिक पद्धत सिद्ध केल्यामुळे पुढे ऑक्सिजन स्वस्तात उपलब्ध झाला. यातून वायुकर्तन म्हणजे ‘गॅस कटिंग’ रूढ झाले. या पद्धतीत पोलाद मुख्यतः वितळविले जात नाही, तर जाळले जाते. तापून लाल झालेल्या पोलादावर शुद्ध ऑक्सिजनाचा झोत सोडला म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड बनते. ते लोखंडापेक्षा कमी तापमानास वितळत असल्याने झोताबरोबर वाहून जाते.

हीच या पद्धतीची मर्यादाही होय. ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, परंतु त्याच्या ऑक्साइडाचा वितळबिंदू २,०००° से. च्या वर असतो. अगंज पोलादातील (स्टेनलेस स्टीलमधील) क्रोमियमाचे ऑक्साइडही असेच दुर्गलनीय असते. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास महत्त्व पावलेले हे दोन्ही धातू वायुकर्तनाला दाद देत नव्हते.

प्लाझ्मा टॉर्च : वायूला पुरेशी उष्णता दिली असता त्याचे अणू आयन व इलेक्ट्रॉन यांत विभागले जातात आणि वायू विद्युत् संवाहक बनतो. या अवस्थेला आयनद्रायू अथवा प्लाझ्मा म्हणतात. ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये सुचविले. १९४० नंतरच्या दशकाच्या आरंभी रसेल मेरेडिथ यांनी अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात टंगस्टनाचे विद्युत् अग्र व हीलियम या अक्रिय वायूचे आवरण वापरून मॅग्नेशियमाच्या वितळजोडकामाची पद्धत विकसित केली. तिचे हक्क युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागाकडे गेले. तेथे रॉबर्ट गेज यांनी ही विद्युत् प्रज्योत (आर्क) थंड ठेवलेल्या तांब्याच्या अरुंद तोटीतून जाण्यास भाग पाडली. आकुंचनामुळे प्रज्योतीचे तापमान व वेग दोन्ही वाढले आणि तिला धातू वितळवून उडवून लावण्याचे सामर्थ्य आले. या टॉर्चचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १९५७ मध्ये मिळाले. प्रज्योतीच्या गाभ्यातील तापमान सु. २०,०००° से. किंवा त्याहूनही अधिक असते. येथे धातू जाळावयाचा नसून वितळवावयाचा असल्याने तो कोणताही विद्युत् संवाहक असला तरी चालतो.

आरंभीच्या टॉर्चमध्ये आर्गॉन, हायड्रोजन व नायट्रोजन हे वायू वापरीत. १९६० नंतरच्या दशकात साधी दाबित हवा वापरण्याचे प्रयत्न झाले. तथापि हवेतील ऑक्सिजनामुळे टंगस्टनाचे अग्र लवकर जळून जाई. तांब्याच्या अग्रात झिर्कोनियमाचा व पुढे हाफ्नियमाचा लहानसा गाभा बसवून ही अडचण बरीचशी दूर झाली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर येथे रिचर्ड काउच व रॉबर्ट डीन यांनी तोटीत प्रज्योतीभोवती पाणी सोडून ती आणखी आकुंचित केली. या शोधावर हायपरथर्म ही कंपनी उभी राहिली. १९८० नंतरच्या दशकात ऑक्सिजन वापरणाऱ्या टॉर्च आल्या. त्यामुळे सौम्य पोलादाचे कर्तन जलद होऊन कडेला चिकटून राहणारा मळही कमी झाला.

संख्यात्मक नियंत्रण : टॉर्चला मार्ग दाखविण्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याच्या छेदाचे फर्मे अचूक होण्यासाठी वक्रावरील पुष्कळ बिंदू काढावे लागत. पार्सन्स व त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनी त्यासाठी छिद्रित पत्रांवर चालणारी गणनयंत्रे वापरली. कातनकाम करताना एक जण तक्त्यातील आकडे वाचून दाखवी आणि दुसरे दोघे यंत्राच्या दोन अक्षांची चाके त्याप्रमाणे फिरवीत. हे वाचणे व फिरविणे यंत्राकडेच सोपवावे, ही कल्पना यातूनच पुढे आली. अमेरिकन हवाई दलाने १९४९ मध्ये या कामासाठी अर्थसाहाय्य दिले आणि मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये छिद्रित फितीवर चालणाऱ्या चक्री कर्तन यंत्राचे (मिलिंग यंत्राचे) प्रात्यक्षिक झाले.

त्याच काळात दुसरा मार्गही उपलब्ध होता. कुशल कारागिराने एक नग हाताने करावयाचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवावयाच्या आणि पुढील नग यंत्राने त्या नोंदीवरून करावयाचे, अशी ती पद्धत होती. अवघड वक्र पृष्ठांसाठी हाताने केलेला नमुना अपुरा पडे, हे ती मागे पडण्याचे तांत्रिक कारण होय. डेव्हिड नोबल या इतिहासकारांनी मात्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निराळे मत मांडले. कामावरील नियंत्रण कारागिराच्या हातून काढून नियोजन कक्षाकडे नेण्याची व्यवस्थापनाची इच्छा या निवडीमागे होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते सर्वमान्य नसले, तरी कौशल्य कोठे असावे हा प्रश्न या यंत्रांच्या इतिहासात आरंभापासून आहे, हे त्यावरून दिसते.

जहाजबांधणीतील संगम : जहाजाच्या कवचासाठी हजारो तक्ते लागतात आणि त्यांतील अनेकांच्या कडा वक्र असतात. पूर्वी गोदीतील विस्तीर्ण दालनाच्या जमिनीवर जहाजाच्या रेषा पूर्ण आकारात आखून लाकडी फर्मे बनवीत आणि त्यांवरून पोलादावर खुणा करीत. हे काम करणारे कारागीर गोदीत मानाचे स्थान राखून असत. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान प्रमाणावर काढलेल्या रेखाचित्राच्या रेषेवरून प्रकाशविद्युत् डोळा फिरे आणि त्याच्या मागोमाग मोठ्या प्रमाणात वायुकर्तनाची टॉर्च सरके, अशी यंत्रे आली. रेषेची जागा संख्येने घेणे ही पुढची पायरी होती. नॉर्वेत ऑस्लो येथील औद्योगिक संशोधन संस्थेत त्रुग्वे रेन्सकॉग यांनी ‘ऑटोकॉन’ ही संगणकीय प्रणाली तयार केली आणि १९६३ मध्ये ती स्टूर्ड येथील गोदीत प्रथम वापरात आली. तिच्याद्वारे तक्त्यांचे आकार संगणकावर निश्चित होऊन कर्तन यंत्रासाठी सूचनांची फीत मिळे. पुढे जगातील अनेक गोद्यांनी ती स्वीकारली. नॉर्वेतील याच कार्यातून आलेली ‘एसी’ ही सूचनांची संकेतभाषा आजची कर्तन नियंत्रकेही ओळखतात. वायुकर्तनाच्या टॉर्चच्या जागी प्लाझ्माची टॉर्च बसविली की, तेच यंत्र पातळ व मध्यम जाडीचे तक्ते कितीतरी अधिक वेगाने कापू शके.

रचना व कार्य : यंत्राच्या मंचावर पोलादी पट्ट्या उभ्या धारेवर मांडलेल्या असतात व त्यांवर तक्ता ठेवतात. या पट्ट्या स्वतःही हळूहळू कापल्या जात असल्याने वेळोवेळी बदलाव्या लागतात. मंचाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवरून आडवी तुळई सरकते आणि तुळईवरून टॉर्चचा गाडा सरकतो. गतीसाठी दंतपट्टी व दंतचक्र आणि टप्प्याटप्प्याने फिरणारी अथवा प्रतिसंभरणयुक्त विद्युत् चलित्रे वापरतात. चक्री कर्तन यंत्राप्रमाणे येथे हत्याराचा दाब तक्त्यावर पडत नाही, म्हणून सांगाडा फार वजनदार असण्याची गरज नसते. मात्र कोपऱ्यावर दिशा बदलताना तो थरथरला, तर ती थरथर कापलेल्या कडेवर उमटते.

टॉर्चची उंची ही या यंत्राची कळीची बाब होय. उष्णतेने पत्रा फुगतो वा वाकतो आणि टॉर्च व धातू यांतील अंतर थोडेसेही बदलले, तरी काप तिरपा होतो. प्रज्योत जितकी लांब तितका तिचा विद्युत् दाब अधिक असतो. हा दाब सतत मोजून त्यानुसार टॉर्च वरखाली करण्याची योजना केलेली असते. म्हणजे प्रज्योत स्वतःच अंतर मोजण्याचे साधन बनते. कापाच्या सुरुवातीस छिद्र पाडताना टॉर्च अधिक उंच ठेवावी लागते. तसे न केल्यास उसळलेला वितळ धातू तोटीत बसून ती निकामी होते. टॉर्चमधील वायूला भोवऱ्यासारखी गती दिलेली असल्याने कापाची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक सरळ येते. सर्वसाधारण टॉर्चमध्ये ही प्रवासाच्या दिशेने उजवी बाजू असते. म्हणून नगाची बाह्य कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने व आतील छिद्रे उलट दिशेने कापतात. कापाची रुंदी लक्षात घेऊन टॉर्चचा मार्ग तिच्या निम्म्याने बाहेर वा आत सरकवावा लागतो. एका तक्त्यातून अधिकाधिक नग निघावेत अशी मांडणी पूर्वी फर्मे हाताने फिरवून करीत, आता ती संगणकावर करतात.

लहान कारखान्यांत प्रसार : १९८० पर्यंत अशी यंत्रे प्रामुख्याने गोद्या, बाष्पित्रांचे कारखाने व मोठे अभियांत्रिकी उद्योग यांच्याकडेच असत. अर्धसंवाहकांवर आधारित हलके विद्युत् पुरवठा संच व दाबित हवेवर चालणाऱ्या लहान टॉर्च यांमुळे प्लाझ्मा प्रथम हातकामासाठी स्वस्त झाला. त्यानंतर नियंत्रकाची किंमत उतरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणकावर चालणारी यंत्र-नियंत्रण प्रणाली सर्वांसाठी खुली केली. हौशी व व्यावसायिक तंत्रज्ञांनी ती वाढविली आणि ती आज ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने प्रचलित आहे. त्यामुळे चौकोनी पोकळ नळ्यांचा सांगाडा, बाजारात मिळणारी चलित्रे व जुना संगणक एवढ्यावर स्वतःच टेबल बांधणारे कारखानदार अनेक देशांत निर्माण झाले. त्यांना सर्वाधिक त्रास विद्युत् गोंगाटाचा झाला. प्रज्योत पेटविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ठिणगीने संगणकाचे संदेश बिघडत. भूयोजनाची (अर्थिंगची) योग्य व्यवस्था आणि स्पर्शाने प्रज्योत पेटविणाऱ्या टॉर्च यांनी तो पुष्कळसा आटोक्यात आला.

भारतात गोद्या व अवजड अभियांत्रिकी उद्योग यांबरोबरच लहान कारखान्यांतही ही यंत्रे वापरली जातात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) वसाहतींतील फॅब्रिकेशनचे काम करणारे कारखाने त्यांचा उपयोग करतात. दुसऱ्यांचे तक्ते कापून देण्याचे ‘जॉबवर्क’ हाच काहींचा व्यवसाय असतो. पातळ पत्र्यांच्या कामात मात्र लेसर कर्तन यंत्रांनी प्लाझ्मापुढे मोठी स्पर्धा उभी केली आहे.

कारागीर व सुरक्षितता : खडू लावलेल्या दोरीने रेषा मारणे, पंचाने खुणा करणे आणि स्थिर हाताने टॉर्च चालविणे ही कामे या यंत्राने मागे टाकली. तथापि कौशल्याची गरज संपलेली नाही. ठिणग्यांची शेपटी पाहून वेग कमी की जास्त हे ओळखणे, खाली चिकटलेल्या मळाच्या स्वरूपावरून चूक शोधणे, झिजलेली तोटी आवाजावरून ओळखणे आणि कोणता नग आधी कापल्यास पत्रा कमी वाकेल हे ठरविणे, ही कामे अनुभवी माणसालाच साधतात. ज्या कारखान्यात आखणी जाणणारा कारागीरच संगणकासमोर बसतो, तेथे तक्त्यांची नासाडी कमी होऊ शकते.

यंत्रामुळे कारागीर प्रज्योतीपासून दूर झाला, परंतु धोका नाहीसा झाला नाही. प्रखर जंबुपार किरणांपासून डोळ्यांना इजा होते, तर अगंज पोलादाच्या धुरात क्रोमियमाची षट्‌संयुजी संयुगे असतात व ती कर्ककारक आहेत. वितळजोडकामाचा धूरही कर्ककारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ञांनी २०१७ मध्ये दिला. म्हणून मंचाखाली धूर ओढून घेणारी व्यवस्था किंवा पाण्याची टाकी ठेवतात. पाण्याच्या टाकीवर ॲल्युमिनियम कापताना वितळलेल्या धातूची पाण्याशी विक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण होतो. तो तक्त्याखाली साचून स्फोट होण्याची भीती असल्यामुळे पाणी खेळते ठेवणे व काम सुरू करण्यापूर्वी वायू बाहेर काढणे आवश्यक असते. स्वतः बांधलेल्या टेबलांवर खर्च वाचविण्यासाठी याच व्यवस्था वगळल्या जाण्याचा संभव असतो. यंत्र स्वस्त झाले, तरी त्याच्याजवळ उभ्या असणाऱ्या माणसाच्या संरक्षणाचा खर्च तेवढ्याने कमी होत नाही.