तळमजल्याची जमीन : प्रस्तावना

थंड देशांत तळमजल्याची जमीन बांधताना पहिला विचार उबेचा होतो. रोमन लोक फरशीखालून गरम हवा खेळवीत, कोरियात चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवीत. आता तिथे काँक्रीटमध्ये गरम पाण्याच्या नळ्या आणि त्याखाली फोमचा थर असतो, ऊब मातीत जिरू नये म्हणून. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हाच थर तोट्याचा ठरेल. इथली खोलवरची माती बारमाही साधारण २७ अंशांवर राहते. मे महिन्याच्या दुपारी फरशीवर अंग टाकल्यावर मिळणारा गारवा तिचाच आहे, तो तोडायचा कशाला?

आपल्या जमिनीची झुंज पाण्याशी आहे, आणि बांधकामाच्या या शाखेत येणाऱ्याने पहिला वेळ सोलिंगला, म्हणजे फरशीखालच्या दगडांच्या थराला, द्यावा असे मला वाटते. जोत्यात मुरूम थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकतात. त्यावर काळ्या दगडाचे सोलिंग, मग पीसीसी म्हणजे साधे सिमेंट काँक्रीट, मग फरशी. बारीक मातीतून ओल केशाकर्षणाने वर चढते. सोलिंगमधल्या मोठ्या पोकळ्यांत ती चढण थांबते. मात्र या पोकळ्या मातीने बुजल्या, तर थर असून नसल्यासारखा. खाडीची रेती नीट न धुता वापरली की क्षार ओल धरून ठेवतात आणि भिंतीला लोणा लागतो.

जूनमध्ये फरशीला पाणी सुटते, ते मात्र बहुधा हवेतले. दमट वारा गार, गुळगुळीत टाइलला लागला की दव धरते. खात्री करायची असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून दोन दिवस फरशीवर ठेवावा : खालून ओला झाला तर दोष जमिनीत, वरून झाला तर हवेत. एवढे न पाहता हजारो रुपयांचे वॉटरप्रूफिंग करून घेणाऱ्यांबद्दल मला फार हळहळ वाटते.

पुराचा हिशेब वेगळा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर उल्हास नदीकाठी जोत्याची उंची ठरवताना ते पाणी लक्षात घ्यावेच लागते. जुन्या चाळींत तर रस्ता काँक्रीटचा होताना वर येतो, खोली खाली राहते, आणि लोक जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवतात. जमिनीतून निघायची वाट बंद झालेली ओल मग भिंतींत चढते. अशा खोलीत आधी फरशी उचलून खालचे थर पाहावेत.