तेल तोडलेल्या उंदरांची गोष्ट

"डॉक्टर, तेल पूर्ण बंद केलंय!" असं तुमच्यापैकी बरेच जण मला अभिमानाने सांगतात. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो.

शंभर वर्षांपूर्वी समज असा होता की स्निग्ध पदार्थांतून फक्त ऊर्जा आणि काही जीवनसत्त्वे मिळतात. जीवनसत्त्वे वेगळी दिली, तर तेलातुपाची गरज ती काय? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना साखर, दुधातील प्रथिन, क्षार आणि जीवनसत्त्वे दिली, पण स्निग्धांश जवळजवळ शून्य ठेवला. काही महिन्यांत शेपटीवर आणि मागच्या पायांवर खवले आले. शेपटीचे टोक सुजून सडू लागले, वाढ खुंटली, मूत्रपिंडे बिघडली आणि शेवटी उंदीर मेले. वेळेत थोडी चरबी दिली की ते सुधारत. हा शोध त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्यामागचा घटक सांगितला : लिनोलेइक आम्ल. हे आम्ल वनस्पती तयार करतात, आपले शरीर करू शकत नाही.

अनेकांना हे पटले नाही. बर यांच्या एका सहकाऱ्याने स्वतः सहा महिने जवळपास स्निग्धांशाशिवाय जेवण घेतले, तरी त्याच्या त्वचेला काही झाले नाही! मोठ्या माणसाच्या चरबीत या आम्लाचा साठा असतो, तो त्याला पुरला.

तान्ह्या बाळांकडे असा साठा फारसा नसतो. आरिल्ड हॅन्सन यांनी १९६३ मध्ये ४२८ बाळांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या दुधात हे आम्ल अगदी कमी होते, त्यांची त्वचा कोरडी, जाड आणि खवलेदार झाली होती. १९७४ मध्ये, आतड्याचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांच्या त्वचेवर नुसते सूर्यफुलाचे तेल चोळूनही ही कमतरता भरून निघाली.

त्वचेच्या बाहेरच्या थरातील पेशींना विटा समजा. त्यांच्यामधला सिमेंटसारखा स्निग्ध थर घडवायला लिनोलेइक आम्ल लागते. ते नसेल तर त्वचेतून पाणी निसटत राहते.

तेल सोडलेल्यांनी लगेच घाबरू नका. धान्य, शेंगदाणे, तीळ यांतूनही हे आम्ल मिळते. आपल्या करडईच्या तेलात ते भरपूर असते, रोज दोन छोटे चमचे पुरतात. खोबरेल तेलात मात्र ते नाममात्रच.

आणि इव्हिनिंग प्रिमरोझ तेलाच्या त्या महागड्या कॅप्सूल? एक्झिमासाठी त्या तोंडाने घेऊन फायदा होत नाही, असे २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. मी त्या लिहून देत नाही.