अवधानी कवींची स्मरणकला : छंद हे ओझे की आधार?

१८९१ च्या जुलै महिन्यात बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेल्या मोहनदास गांधी यांची मुंबईत एका तरुण जवाहिऱ्याशी भेट झाली. हे कवी असून शतावधानी आहेत, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. गांधींनी परीक्षा पाहायचे ठरवले. युरोपीय भाषांतले जेवढे शब्द ठाऊक होते तेवढे त्यांनी ऐकवले आणि जवाहिऱ्याने ते सर्व त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. हे जवाहीर म्हणजे श्रीमद् राजचंद्र. गांधींनी आत्मकथेत हा प्रसंग नोंदवला आहे.

त्याआधी १८८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राजचंद्रांनी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शंभर अवधानांचा जाहीर प्रयोग केला होता. पुढे अध्यात्माच्या वाटेत अडथळा मानून त्यांनी असे प्रयोग सोडून दिले. प्रेक्षकांच्या लेखी मात्र तो चमत्कारच राहिला.

चमत्कार की विद्या? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आंध्रात जावे लागते. तिथे अवधान हा काव्याचा रंगमंचीय प्रकार म्हणून वाढला, आणि म्हणूनच त्याची यंत्रणा उघड्यावर पाहायला मिळते.

अष्टावधानात कवीभोवती आठ पृच्छक बसतात. कुणी विसंगत वाटणारी एक ओळ देतो; तिला अर्थ लाभेल असा श्लोक रचायचा, ही समस्यापूर्ती. कुणी चार भलतेच शब्द देतो. ते चार चरणांत गुंफायचे, ही दत्तपदी. निषिद्धाक्षरीचा पृच्छक तर कवीने एक अक्षर उच्चारताच पुढच्या अक्षराला मनाई करतो. मधूनच घंटा वाजते. तिचे ठोके मनात मोजायचे. आणि एक पृच्छक केवळ व्यत्यय आणण्यासाठीच नेमलेला असतो. तो हवामानापासून जावयापर्यंत काहीही विचारतो, आणि त्याला हजरजबाबी उत्तर द्यावेच लागते. (सभेला सर्वाधिक हसवणारा भाग हाच, आणि कवीला सर्वाधिक छळणाराही.)

खरी कसोटी याहून निराळी आहे. कवी कोणताही श्लोक सलग पुरा करत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पहिला चरण, दुसऱ्या फेरीत दुसरा, असे चार फेऱ्यांत श्लोक तुकड्यातुकड्यांनी घडतात. हाती कागद नसतो. अखेरीस सर्व श्लोक आरंभापासून अखंड म्हणून दाखवायचे. याला 'धारणा' म्हणतात. शतावधानात पृच्छक शंभर असतात आणि सभा अनेक दिवस चालते.

प्रथमदर्शनी वाटते की एवढे लक्षात ठेवायचे, त्यात पुन्हा वृत्ताचे बंधन म्हणजे दुहेरी ओझे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उत्पलमाला या वृत्ताचे उदाहरण घ्यावे. चरणात २० अक्षरे. गण भ, र, न, भ, भ, र आणि शेवटी लघु-गुरू. म्हणजे प्रत्येक जागी कोणत्या वजनाचे अक्षर येणार हे आधीच ठरलेले. शिवाय तेलुगूत चारही चरणांच्या दुसऱ्या अक्षराचे व्यंजन एकच असावे लागते, हा प्रास. आणि यती? मराठी वाचकाला यती म्हणजे विराम. तेलुगूत यती म्हणजे प्रतिध्वनी : चरणाच्या पहिल्या अक्षराशी जुळणारा वर्ण उत्पलमालेत दहाव्या जागी आलाच पाहिजे.

बराच वेळ इतरांना उत्तरे देऊन कवी त्या श्लोकाकडे परततो, तेव्हा तो शून्यातून आठवत नाही. लय त्याला चाल देते, दुसरे अक्षर वाट दाखवते, दहावे अक्षर चुकीचा शब्द आत येऊ देत नाही. बंधन जितके कडक, तितक्या स्मृतीला खुंट्या अधिक.

मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्यांनी याच तत्त्वाची छोटी आवृत्ती पाठ केलेली असते : 'यमाताराजभानसलगा'. 'य'पासून तीन अक्षरे घेतली की 'यमाता', लघु-गुरू-गुरू, हाच य-गण. 'मा'पासून 'मातारा', तिन्ही गुरू, हा म-गण. सूत्रच स्वतःचे उदाहरण होते.

ही विद्या राजसभांपासून गावोगाव नेली ती तिरुपती वेंकट कवुलु या जोडीने. दिवाकर्ल तिरुपती शास्त्री (१८७२–१९२०) आणि चेळ्ळपिळ्ळ वेंकट शास्त्री (१८७०–१९५०) हे चर्ल ब्रह्मय्या शास्त्री या एकाच गुरूचे शिष्य. दोघे मिळून एकाच नावाने रचना करत. त्यांची ऐट अशी की, संस्कृत व तेलुगू दोन्हींत आपणच कवी आहोत हे सांगायला मिशा राखल्या आहेत, कुणी हरवले तर उतरवू, असे त्यांनी पद्यातच जाहीर केले. प्रतिस्पर्ध्यांशी वादही पुष्कळ झाले. सभेत घाईने जुळवलेली सगळीच पद्ये काव्य म्हणून टिकणारी नसतात, हेही मान्य केले पाहिजे.

पण वेंकट शास्त्री पुढे मच्छलीपट्टणमच्या हायस्कुलात शिक्षक झाले, आणि सभेतली विद्या वर्गात आली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक विश्वनाथ सत्यनारायण. १९७० चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले तेलुगूचे पहिले लेखक. वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा शतावधानी झाला नाही, पण छंद कानात मुरलेली एक पिढी त्यातून उभी राहिली.

कन्नडमध्ये जवळपास लोपलेली ही परंपरा १९८० च्या दशकापासून बंगळूरचे आर. गणेश यांनी पुन्हा उभी केली. त्यांच्या अवधानांची संख्या हजारावर गेली आहे. कन्नड पद्यातही दुसऱ्या अक्षराचा प्रास असतोच. धारणेच्या वेळी सभा शांत होते, श्लोक एकामागून एक पुरे होतात, आणि घंटेचे ठोके किती पडले याचा हिशेबही कवीला द्यावाच लागतो.